‘ऑफ्थॅल्मॉलॉजी’ : एका शब्दाची उकल

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आईला डोळे दाखवण्यासाठी मी तिला घेऊन जिल्ह्याच्या गावी एका मोठ्या रुग्णालयात गेलो होतो. तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि डाव्यातही सुरुवात झाली होती. रांगेत उभे राहून केसपेपर काढला. त्यावर इंग्रजी अक्षरांचा एक शिक्का मारलेला होता. पाट्याही इंग्रजीतच होत्या. खाली मराठी अक्षरे असावीत, पण त्यांच्यावर कसलेसे वेळापत्रक चिकटवलेले होते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. तेव्हा वाचणे हे माझेच काम. मी शिक्क्यावरचा शब्द जुळवला आणि समोरून येणाऱ्या दोन पांढऱ्या कोटवाल्या तरुणांना विचारले, “ओपथालमोलोगी कुठे आहे?” ते एकमेकांकडे पाहून हसले. एकाने तो शब्द भरभर उच्चारून मला ‘दुरुस्त’ केले आणि दोघे निघून गेले. वाट मात्र कोणीच सांगितली नाही. मी तिथेच उभा. तोवर आईने झाडू मारणाऱ्या बाईंना विचारलेही होते, “बाई, डोळ्याचा डाक्टर कुठं बसतो?” बाईंनी हातानेच दाखवले, “सरळ जावा, उजव्या अंगाला.”

आई पुढे आणि मी केसपेपर घेऊन मागे, असे आम्ही गेलो. तो शब्द मात्र माझ्या घशात अडकून राहिला. महाविद्यालय उघडल्यावर मी आमच्या इंग्रजीच्या सरांना तो दाखवला. सर म्हणाले, “अख्खी भाकरी तोंडात कोंबतोस काय रे? मोडूनच खातोस ना? मग शब्दही मोडून बघ.” त्यांनी ग्रंथालयातून दोन मोठे कोश काढून दिले. त्या मोडणीतून जे हाती लागले ते वाचकमित्रांपुढे ठेवावे, एवढ्यासाठीच हा प्रपंच.

अर्थाची मोडणी

कोणताही लांब शब्द दोन प्रकारांनी मोडता येतो, अर्थाने आणि उच्चाराने. आधी अर्थाने मोडू.

‘ऑफ्थॅल्मॉलॉजी’ हा शब्द ग्रीक भाषेतील दोन शब्दांच्या सांध्यातून झाला आहे. पहिला ‘ओफ्थाल्मोस’, म्हणजे डोळा. दुसरा ‘लोगोस’, म्हणजे बोल, वचन, विवेचन. ‘लोगोस’ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ ‘बोलणे’ असाही आहे आणि ‘वेचणे, गोळा करणे’ असाही आहे. म्हणून ‘-लॉजी’ म्हणजे एखाद्या विषयावर नीट, क्रमाने केलेले बोलणे. आपण त्याला ‘शास्त्र’ म्हणतो ते बरोबरच आहे, पण प्रत्येक ‘-लॉजी’ शास्त्रच असते असे नव्हे. ‘अपॉलॉजी’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ ‘स्वतःच्या बचावाचे बोलणे’ असा होता, आणि ‘अँथॉलॉजी’चा मूळ अर्थ ‘फुले वेचणे’ असा होता. कवितांच्या संग्रहाला हे नाव किती शोभते!

या दोन घटकांच्या मधे एक छोटासा ‘ओ’ आहे. तो एकट्या डोळ्याचाही नाही आणि एकट्या बोलाचाही नाही. ग्रीक भाषेत दोन शब्दांचा समास करताना मधे बहुधा असा ‘ओ’ येतो. जिओ-ग्राफी, थर्मो-मीटर, फोटो-ग्राफ या सगळ्यांत तो दिसेल. दोन फळ्यांमधल्या खुंटीचे काम तो करतो. तेव्हा अर्थाच्या दृष्टीने आपला शब्द असा मोडतो : ऑफ्थॅल्म + ओ + लॉजी. डोळा, खुंटी आणि विवेचन.

एवढे कळले की त्या कुळातील इतर शब्दही ओळखीचे वाटू लागतात. ‘स्कोप’ म्हणजे पाहण्याचे साधन, म्हणून ‘ऑफ्थॅल्मोस्कोप’ म्हणजे डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण. जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ याने १८५१ साली या उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याने स्वतः त्याला ग्रीक नाव दिले नव्हते. आपल्या मातृभाषेत त्याने त्याला सरळ ‘डोळ्याचा आरसा’ अशा अर्थाचे नाव दिले होते. हे वाचून मला फार बरे वाटले. जगातला एवढा मोठा शास्त्रज्ञसुद्धा माझ्या आईसारखाच बोलला!

उच्चाराची मोडणी

आता तोच शब्द उच्चाराने मोडू. येथे ‘अक्षर’ हा शब्द मी लिहिण्याच्या अक्षराच्या अर्थाने वापरत नसून एका स्वराभोवती एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या ध्वनिसमूहाच्या अर्थाने वापरत आहे. जितके स्वर तितकी अक्षरे. त्या हिशेबाने या शब्दात ५ अक्षरे आहेत :

ऑफ् – थॅल् – मॉल् – अ – जी

देवनागरीत आपण ‘ऑ-फ्थॅ-ल्मॉ-लॉ-जी’ असे लिहितो. तेथेही अक्षरे ५ च भरतात, पण मोडण्याची जागा वेगळी असते. लिहिताना ‘फ्’ पुढच्या ‘थॅ’ला चिकटतो, बोलताना तो मागच्या ‘ऑ’ला चिकटतो. हे काही आपल्याला नवे नाही. वृत्तांच्या तासाला आपण शिकलो आहोत की जोडाक्षराच्या आधीचे ऱ्हस्व अक्षर, आघात येत असेल तर, गुरू धरतात. ‘भक्त’ या शब्दातले ‘भ’ गुरू होते, कारण उच्चारताना ‘भक्-त’ असे होते आणि ‘क्’चा भार ‘भ’वर पडतो. छंदःशास्त्राचा हा नियम म्हणजे अक्षरांच्या मोडणीचाच नियम होय. शाळेत तो पाठ केला होता, त्याचे कारण मात्र मला या परक्या शब्दाने शिकवले.

आता या दोन्ही मोडण्या शेजारी ठेवून पाहा.

अर्थाने : ऑफ्थॅल्म + ओ + लॉजी
उच्चाराने : ऑफ् – थॅल् – मॉल् – अ – जी

मधले ‘मॉल्’ हे अक्षर नीट पाहावे. त्यातला ‘म्’ डोळ्याकडून आला आहे, ‘ऑ’ ही मधली खुंटी आहे आणि ‘ल्’ विवेचनाकडून आला आहे. अर्थाच्या तीन तुकड्यांचा सांधा या एका अक्षरात बसला आहे. माझी चूक नेमकी येथेच झाली होती. मी शब्द ‘ओपथालमो’ आणि ‘लोगी’ असा अर्थाच्या जागी तोडून वाचला होता. अर्थ म्हणून ते योग्य होते, पण जीभ तेथे थांबत नाही.

आपल्या भाषेतही हेच घडते. ‘विद्यालय’ हा शब्द ‘विद्या + आलय’ असा आहे हे आपण जाणतो, पण कोणी ‘विद्या-आलय’ असे म्हणत नाही. ‘द्या’ या एका अक्षरात विद्येचा शेवट आणि घराची सुरुवात एकत्र झाली आहे. आपण त्याला संधी म्हणतो आणि सहज बोलून जातो, कारण तो शब्द लहानपणापासून कानांवर पडलेला असतो.

आघात कोठे येतो?

इंग्रजीत शब्दातील एका अक्षरावर जोर येतो. यालाच आघात म्हणतात. आपल्या शब्दात मुख्य आघात त्या ‘मॉल्’वरच आहे, म्हणजे शेवटून मोजल्यास तिसऱ्या अक्षरावर. पहिल्या ‘ऑफ्’वर एक सौम्य, दुय्यम आघात असतो. ज्या अक्षरांवर आघात नसतो त्यांतले स्वर इंग्रजीत बहुधा पुसट होतात. म्हणून लिहिताना आपण ‘लॉजी’ लिहितो, तरी इंग्रजीत तिथे ‘अ’सारखा पुसट स्वर ऐकू येतो.

सर म्हणाले, “एक शब्द पाठ करू नकोस, कुटुंब पाठ कर.” म्हणून मी पुढील तक्ता केला. आघाताच्या अक्षराआधी ( ′ ) अशी खूण केली आहे.

ऑफ् – ′थॅल् – मिक : डोळ्यासंबंधीचे
ऑफ् – ′थॅल् – म – स्कोप : डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण
ऑफ् – थॅल् – ′मॉल् – अ – जी : नेत्रशास्त्र
ऑफ् – थॅल् – ′मॉल् – अ – जिस्ट : नेत्रतज्ज्ञ
ऑफ् – थॅल् – म – ′लॉज् – इ – कल : नेत्रशास्त्रविषयक

डोळा तोच, पण आघात कधी ‘थॅल्’वर, कधी ‘मॉल्’वर, कधी ‘लॉज्’वर! चेन्नईच्या एग्मोर भागात १८१९ साली सुरू झालेले एक जुने सरकारी नेत्ररुग्णालय आहे. त्याच्या आजच्या इंग्रजी नावात ‘ऑफ्थॅल्मॉलॉजी’ आणि ‘ऑफ्थॅल्मिक’ असे दोन्ही शब्द येतात. एकाच पाटीवर आघाताची ही उडी पाहायला मिळते.

पण उडी वाटते तेवढी स्वैर नाही. तक्त्यातील शब्द शेवटून मोजा. पहिला शब्द सोडला तर प्रत्येकात आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर आहे. ग्रीकमधून घडवलेल्या बहुतेक शास्त्रीय शब्दांचे असेच आहे : बा-′यॉल्-अ-जी, जि-′ऑग्-र-फी, अ-′स्ट्रॉन्-अ-मी, जि-′ऑम्-इ-ट्री, थर्-′मॉम्-इ-टर, ′टेल्-इ-स्कोप. शब्दाच्या शेवटी ‘-इक’ असेल तर मात्र आघात त्याच्या लगेच आधी येतो, जसे ऑफ्-′थॅल्-मिक. ‘फोटो’च्या कुळात दोन्ही नियम एकत्र दिसतात : ′फो-ट-ग्राफ, फ-′टॉग्-र-फी, फो-ट-′ग्रॅफ्-इक. अपवादही आहेत. ‘अरिथ्मेटिक’ या नामात आघात ‘रिथ्’वर येतो, ‘-इक’च्या आधी नव्हे. तरीपण शेवटून तीन मोजायची सवय लावली की शंभरातले बरेचसे शब्द वाटेवर येतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. हा नियम ग्रीकांचा नव्हे. ग्रीक भाषेत ‘ओफ्थाल्मोस’मधला स्वर शेवटच्या अक्षरावर चढत असे, आणि ‘-लोगिया’ या शेवटात तो ‘गि’वर असे. शिवाय प्राचीन ग्रीकांचा आघात जोराचा नसून सुराच्या चढउताराचा होता. वेदपठणातील उदात्त-अनुदात्त ज्यांनी ऐकले असतील त्यांना याची कल्पना येईल. शब्द ग्रीकांचा, वेश लॅटिनचा आणि चाल इंग्रजांची असा हा प्रवास आहे. म्हणजे ज्या उच्चारावरून मला हसले गेले तो उच्चार ऐकून एखादा प्राचीन अथेन्सवासीही बुचकळ्यात पडला असता!

मराठी कान, मराठी जीभ

आपल्याला हे शब्द अवघड का जातात? मराठीत आघात नाही असे नव्हे, परंतु केवळ आघात बदलल्याने आपल्या शब्दाचा अर्थ बदलत नाही. इंग्रजीत ‘रेकॉर्ड’ या शब्दात पहिल्या अक्षरावर जोर दिला तर ते नाम होते आणि दुसऱ्यावर दिला तर क्रियापद. आपल्याकडे असे होत नसल्याने आपण आघाताकडे कान देत नाही आणि सगळी अक्षरे सारख्या मापाने बोलतो. ‘फो-टो-ग्रा-फी’ हा आपला उच्चार असा घडला आहे. मराठी बोलताना तो तसाच असावा, त्यात लाजण्यासारखे काही नाही. परभाषेतला शब्द आपल्या घरी राहायला आला की त्याने आपल्या घरची रीत पाळावी हेच योग्य. मात्र इंग्रजी बोलताना इंग्रजीची रीत आपण पाळावी.

आता ‘प’ आणि ‘फ’ यांविषयी. मी ‘ओप’ म्हणालो म्हणून हसू आले होते. कोशात पाहतो तो ‘ऑफ्’ आणि ‘ऑप्’ असे दोन्ही उच्चार दिलेले! ‘ऑफ्’ अधिक रूढ आहे हे खरे, पण ‘ऑप्’ म्हणणारे इंग्रजी भाषकही पुष्कळ आहेत. ‘-लोगी’ ही माझी चूक होती, ती मी मान्य करतो. ‘ओप’ ही मात्र चूक नव्हती.

याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. इंग्रजीत हा शब्द लिहिताना ‘पी-एच-टी-एच’ अशी चार अक्षरे ओळीने येतात आणि त्यातला पहिला ‘एच’ भल्याभल्यांच्या हातून गळतो. ही चार अक्षरे आली कोठून? ख्रिस्तपूर्व ५ व्या शतकातील अथेन्समध्ये हे दोन ध्वनी म्हणजे महाप्राण व्यंजने होती. ‘प’बरोबर श्वास सोडला की होतो तो ‘फ’, आणि ‘त’बरोबर श्वास सोडला की होतो तो ‘थ’. रोमन लोकांच्या लिपीत अशा ध्वनींसाठी अक्षरे नव्हती, म्हणून त्यांनी ‘प’ला आणि ‘त’ला ‘ह’ जोडून काम भागवले. पुढे खुद्द ग्रीकांच्या तोंडी हे ध्वनी बदलले. ‘फ’ ओठ-दातांच्या फटीतून घासून येऊ लागला आणि इंग्रजीने तोच उच्चार घेतला. पण आपल्या ‘फळ’मधला अस्सल ‘फ’ आणि ‘थाळी’मधला ‘थ’ हे त्या प्राचीन ग्रीक ध्वनींच्या किती जवळचे आहेत! ज्यासाठी रोमन लिपीला दोन-दोन अक्षरे लागली त्यासाठी देवनागरीत एकेक अक्षर तयार आहे. बाराखडी गिरवून आलेल्या खेड्यातल्या मुलाला ‘ओफ्थाल्मोस’ लिहायला सांगा, तो एकही ध्वनी न गाळता लिहील. माझ्यासारख्याला याहून मोठा दिलासा कोणता?

परके आणि आपले

ग्रीक शब्द आपल्याकडे इंग्रजांबरोबरच आले असेही नाही. ‘केंद्र’ हा शब्द घ्या. परीक्षा केंद्र, आरोग्य केंद्र, केंद्र सरकार, जिल्हा परिषदेच्या शाळांचे केंद्रप्रमुख. दिवसातून दहा वेळा आपण तो उच्चारतो. हा शब्द मूळचा ग्रीक ‘केन्ट्रोन’, म्हणजे टोकदार आर, आणि त्यावरून वर्तुळ काढताना कंपासचे जे टोक रोवतात तो बिंदू. ज्योतिषशास्त्राबरोबर तो प्राचीन काळीच संस्कृतात आला आणि तेथून आपला झाला. ‘होरा’ हाही असाच ग्रीक. आज ‘केंद्र’ उच्चारताना कोणी अडखळत नाही आणि कोणी कोणाला हसत नाही. म्हणजे भीती ग्रीकची नसते, अनोळखीपणाची असते.

आणि आपल्याकडे स्वतःचे शब्द नव्हते असेही नाही. सुश्रुतसंहितेत डोळ्याच्या रोगांचे आणि शलाकेने करावयाच्या मोतीबिंदूच्या उपचाराचे वर्णन आहे. त्या शलाकेवरून या शाखेला ‘शालाक्य’ हे नाव पडले. आयुर्वेद महाविद्यालयांत आजही ते शिकवतात. ग्रीकांनी अवयवावरून नाव दिले, आपण हत्यारावरून दिले. मोतीबिंदूचे इंग्रजी नाव ‘कॅटरॅक्ट’ हेही ग्रीक मुळाचे असून त्याचा अर्थ धबधबा असा आहे. डोळ्यात वरून काही पाणी उतरते अशी जुन्या लोकांची समजूत होती. जिथे त्यांना धबधबा दिसला तिथे आपल्या लोकांना मोती दिसला. (येथेही आघात शेवटून तिसऱ्यावरच आहे : ′कॅट्-अ-रॅक्ट.)

खुद्द आजच्या ग्रीसमध्येही रोजच्या बोलण्यात डोळ्याला ‘ओफ्थाल्मोस’ म्हणत नाहीत, ‘माती’ म्हणतात. डोळ्यांच्या डॉक्टरला मात्र जुन्या शब्दावरून ‘ओफ्थाल्मिआत्रोस’ म्हणतात. म्हणजे घरात ‘डोळा’ आणि पाटीवर ‘नेत्र’ ही तऱ्हा तिथेही आहे. ग्रीसमधल्या एखाद्या आईनेही कदाचित माझ्या आईसारखाच प्रश्न विचारला असता.

‘नेत्र’ शब्दही मोडून पाहिला. त्याच्या मुळाशी ‘नी’ म्हणजे ‘नेणे’ हा धातू आहे. जे नेते ते नेत्र. त्या दिवशी रुग्णालयात आईला नीट दिसत नव्हते, वाचता तर कधीच येत नव्हते, आणि तरी तिनेच मला नेले होते. हे आठवले आणि कोश मिटून मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

आईची शस्त्रक्रिया पौषात झाली. ती आता दिव्याच्या उजेडात सुईत दोरा ओवते. तपासणीसाठी तिला पुन्हा घेऊन गेलो तेव्हा एक वृद्ध गृहस्थ केसपेपर हातात धरून पाट्यांकडे पाहत उभे होते. त्यांनी कागद माझ्यापुढे केला आणि विचारले, “पोरा, ह्ये कुठं हाय?” शिक्का तोच होता. तो मला आता पाचही अक्षरांसकट, आघातासकट नीट म्हणता येत होता. मी म्हणालो, “बाबा, डोळ्यांचा विभाग. चला, मीही तिकडेच चाललोय.”

शब्द शिकावेत, मोडून पाहावेत, बरोबर उच्चारावेत. ते आपल्याला आले पाहिजेतच, कारण ते येत नाहीत म्हणून आपल्याला दाराबाहेर उभे केले जाते. पण एकदा आत गेल्यावर बाहेर उभ्या असलेल्या माणसाला त्याच शब्दाने हसू नये, एवढे आपण विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे असे मला नम्रपणे वाटते.